प्रकाशाचा वेग पदार्थागणिक बदलतो म्हणतात, पण त्याने प्रत्यक्षात कुणाला काय फरक पडतो?

पडतो. त्यापायी आमच्या चार माणसांनी भर मे महिन्यात फुकटचा खड्डा खणलाय.

मी ऑप्टिकल फायबरच्या दुरुस्तीचं काम करतो. काही वर्षांपूर्वी सिन्नरहून संगमनेरकडे जाणारी एक केबल तुटली. अशा वेळी एका टोकाला ओटीडीआर नावाचं यंत्र लावतात. तो फायबरच्या काचेत प्रकाशाची पल्स, म्हणजे क्षणभराचा झोत, सोडतो आणि ती तुटल्या जागेवरून परत यायला लागलेला वेळ मोजतो. वेळ यंत्र मोजतं, वेग मात्र आपण सांगायचा, अपवर्तनांक भरून, म्हणजे निर्वातापेक्षा काचेत प्रकाश किती पट हळू जातो तो आकडा. त्यात आधीचा १.५ भरलेला होता, केबलच्या कागदावर १.४६८. मी म्हटलं, साहेब, बदलूया. सुपरवायझर म्हणाले, "पुस्तकात काचेचा दीडच असतो. तेवढ्याने काय होतंय? खणायला घ्या."

यंत्र १९.६ किलोमीटर दाखवत होतं. तिथे खणलं, तर केबल धडधाकट. मी खड्ड्याच्या काठावर बसून मोबाइलवर हिशेब केला: १९.६ गुणिले १.५ भागिले १.४६८. आले २०.०३. सव्वाचारशे मीटर पुढे गेलो, तर शेतातल्या नव्या पाइपलाइनसाठी जेसीबीने उकरलेली ताजी माती, खाली केबलची चिरडलेली नळी, म्हणजे डक्ट, आणि मातीत मिसळलेली केबलच्या आतली जेली.

काच म्हणून एकच काच नसते, हे साहेबांनी शेवटपर्यंत मानलं नाही. प्रकाश निर्वातात सेकंदाला २,९९,७९२ किलोमीटर जातो, पाण्यात सुमारे २,२५,०००, आमच्या फायबरमध्ये २,०४,०००, हिऱ्यात १,२४,०००. फोटॉन अणूंवर आपटत जातो म्हणून वेग कमी होतो, हे साफ चूक. तसं असतं तर प्रकाश वाटेतच विखुरला असता. प्रकाशामुळे पदार्थातले इलेक्ट्रॉन हलतात, त्यांच्या लहरी मूळ लहरीत मिसळतात आणि बेरजेची लहर हळू सरकते. न्यूटनच्या कणसिद्धांताप्रमाणे प्रकाश पाण्यात जास्त वेगाने जायला हवा होता. १८५० साली पॅरिसमध्ये फुको या फ्रेंच शास्त्रज्ञाने फिरता आरसा लावून बघितलं, तर तो हवेपेक्षा हळू निघाला. न्यूटनसारख्याचं म्हणणंसुद्धा मोजून बघतात, मग आमच्या साहेबांचं का नाही?

आता दोन गोष्टी सांगायला हव्यात. १.४६८ हा आकडा पल्सच्या वेगाचा आहे, आणि तरंगलांबी बदलली की तोही थोडा बदलतो. शिवाय जॉइंटपाशी केबलचे लूप ठेवलेले असतात, त्यामुळे फायबर रस्त्यापेक्षा लांब भरतं. साहेबांनी नंतर सगळं त्या लूपवरच ढकललं. पण लूप आम्ही सकाळीच वजा केले होते. सव्वाचारशे मीटर उरले ते त्या दीडचे.