खरा गरजू ओळखायचा कसा?

‘मॅडम, रस्त्यावर मागणाऱ्यांतला खरा गरजू कोण हे ओळखायचं कसं?’ हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला बरीच माणसं येतात. कुणाला सिग्नलवरच्या मुलाला हाकलल्याची टोचणी लागलेली असते, कुणाचं यावरून घरात वाजलेलं असतं, कुणाला आपला मुलगा रोज डबा वाटून येतो याची काळजी असते. आतली भीती साधारण सारखीच: दिलं तर फसू, नाही दिलं तर निष्ठुर ठरू. परळला नोकरी करणाऱ्या एका बाईंचा अनुभव त्यांच्या परवानगीने इथे सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

बाई पन्नाशीला टेकलेल्या. डोंबिवलीहून लोकलने येणं, परळला उतरून ऑफिसपर्यंत चालत जाणं, हा वर्षानुवर्षांचा क्रम. माझ्याकडे आल्या त्या झोपेची तक्रार घेऊन. रात्री तीनच्या सुमाराला दचकून जाग यायची, छाती धडधडायची, मग उजाडेपर्यंत डोळ्याला डोळा नाही. सगळ्या तपासण्या नॉर्मल. घरची, ऑफिसची माहिती सांगताना त्या मध्येच म्हणाल्या, “हल्ली मी लांबच्या रस्त्याने जाते ना, त्यामुळे पायही दुखतात.”

लांबच्या रस्त्याने का, असं विचारल्यावर त्या बराच वेळ पर्सच्या चेनशी चाळा करत राहिल्या.

परळच्या टाटा रुग्णालयाच्या आसपासचे फुटपाथ ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. 1941 साली सुरू झालेल्या या रुग्णालयात देशाच्या कानाकोपऱ्यातून कॅन्सरचे पेशंट येतात. उपचार महिनोन्महिने चालतात आणि मुंबईत खोली घेऊन राहणं सगळ्यांना परवडत नाही. मग ताडपत्री, चटई, पाण्याचा कॅन आणि रिपोर्टांची प्लॅस्टिकची पिशवी एवढ्या संसारावर कितीतरी कुटुंबं फुटपाथवर दिवस काढतात. त्यांच्याच शेजारी वर्षानुवर्षं रस्त्यावर राहणारी माणसंही असतात. घाईत जाणाऱ्याला दोघांत फरक दिसत नाही.

बाईंनी एका सकाळी भिंतीला टेकून बसलेल्या एका माणसापुढे वीस रुपयांची नोट धरली. तो हात मागे घेत उभाच राहिला. “ताई, मी भिकारी न्हाई. मालकिणीला दवाखान्यात आणलंय. घरी चार एकर हाय माझं.” आवाज चढवून नाही, अगदी सरळ बोलला. पण आजूबाजूच्या चार जणांनी वळून पाहिलं. बाई “सॉरी” पुटपुटल्या आणि जवळजवळ पळतच निघाल्या.

ऑफिसात सांगितलं तर मैत्रीण म्हणाली, “अगं, कशाला लागतेस नादी? यांच्या भाड्याने दिलेल्या खोल्या असतात.” घरी नवरा म्हणाला, “नसत्या उठाठेवी सांगितल्यात कुणी?” दुसऱ्या दिवसापासून बाईंनी रस्ता बदलला. डब्यातली पोळी-भाजी कुणाला द्यायची सवय होती, तीही सुटली. आणि रात्री तीनला तो माणूस डोळ्यांपुढे उभा राहायला लागला. “मी त्याचा अपमान केला, आणि आता तर मी कुणालाच काही देत नाही. मी मुळातच वाईट आहे का हो?” हे विचारताना त्या रडल्या.

आपण जे टाळतो ते मनात वाढत जातं. लांबच्या रस्त्याने गेलं की त्या वेळेपुरतं बरं वाटतं, आणि तेवढ्या बरं वाटण्याने मन शिकतं की जवळचा रस्ता खरंच भयंकर आहे. बाईंच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं. त्या माणसाशी तिथेच दोन वाक्यं बोलल्या असत्या तर गोष्ट संपली असती. न झालेलं ते बोलणं रोज रात्री पुन्हा सुरू होत होतं.

‘मी वाईट आहे’ याचा निकाल लावायला मी त्यांना एक जुना प्रयोग सांगितला. 1973 मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टनला डार्ली आणि बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी धर्मगुरू होण्याचं शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांवर तो केला. एका इमारतीतून दुसरीकडे भाषण द्यायला जायचं, आणि वाटेत दारात एक माणूस खोकत, विव्हळत पडलेला. ज्यांना ‘भरपूर वेळ आहे’ असं सांगितलं होतं त्यांच्यातले 63 टक्के मदतीला थांबले. ‘उशीर झालाय, पळा’ असं सांगितलेल्यांतले फक्त 10 टक्के. वाटसरूला मदत करणाऱ्या परक्या माणसाच्या बायबलमधल्या गोष्टीवर ज्यांना बोलायचं होतं, त्यांच्यातल्याही काही जणांनी घाईत त्या माणसाला मागे टाकलं. म्हणजे कोण थांबणार हे बरंचसं घड्याळ ठरवत होतं. हे ऐकून बाई म्हणाल्या, “मी तर नऊच्या मस्टरसाठी रोज धावतेच.” मग ठरलं, आधीची लोकल पकडायची.

पहिला आठवडा त्यांनी काहीही द्यायचं नव्हतं. फक्त जुन्या रस्त्याने सावकाश जायचं, नजर चुकवायची नाही, कुणी पाहिलं तर मान हलवायची. पैसे देण्यापेक्षा हेच अवघड गेलं, असं त्यांनी येऊन सांगितलं. नोट दिली की आपण मोकळे होतो. पाहत राहिलं की समोरचा माणूस दिसायला लागतो. दुसऱ्या टप्प्यात एकच प्रश्न विचारायचा होता, “काही लागतंय का?” आणि उत्तर पूर्ण ऐकायचं. जमणार नसेल तर तसं सांगायचं, खोटा शब्द द्यायचा नाही.

ही उत्तरं मला फार मोलाची वाटतात. एका बाईने इंग्रजी कागद पुढे केला: उद्या कुठल्या मजल्यावर, कुठल्या खिडकीशी जायचं तेवढं वाचून सांगा. एका मुलाला मोबाइल चार्ज करून हवा होता, गावाकडे दोन दिवस फोन लागला नव्हता. एका कुटुंबाला बाईंनी भाजी-पोळीचा डबा देऊ केला, तर बायको हळूच म्हणाली, “ह्यांचं तोंड सोललंय. पातळच जातं फक्त.” तोंडाच्या कॅन्सरवर रेडिएशन घेणाऱ्याला तिखटाचा कण झोंबतो. दुसऱ्या दिवशी बाई थर्मासमध्ये मऊ भाताची पेज घेऊन गेल्या, मीठही बेताचं. त्या माणसाने वाटीला तोंड लावून घोट घोट करत ती संपवली, मध्ये दोनदा थांबून डोळे मिटले, आणि रिकामी वाटी बायकोला दाखवली. ती म्हणाली, आठवड्यात पहिल्यांदा वाटी संपली.

आणि स्टेशनच्या पुलाखाली राहणारी एक आजी. तिच्यापुढे लोक बिस्किटांचे पुडे टाकून जात, ते तसेच पडलेले असत. विचारल्यावर म्हणाली, “खायला मिळतंय गं. संडासला जायला पैसे लागतात. आणि तेवढ्यात गाठोडं कुणी उचललं तर?” म्हणून ती पाणीच कमी प्यायची. रस्त्यावर राहणाऱ्या कितीतरी बायका हेच करतात, आणि मग लघवीचे त्रास मागे लागतात. बाई आता तिला सुटे पैसे देतात आणि ती जाऊन येईपर्यंत गाठोड्यापाशी उभ्या राहतात. हे उभं राहणं मला कुठल्याही दानापेक्षा मोठं वाटतं.

त्या फुटपाथवर राहण्याच्या सोयीबद्दल वारंवार विचारणा व्हायची. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे कॅन्सरचे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक राहतात, हे बाईंना इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. पुढे दोन कुटुंबांना त्यांनी तिथला पत्ता लिहून दिला. जागा प्रत्येक वेळी मिळेलच असं नाही, पण चौकशी कुठे करायची हे कळणंही परक्या शहरात मोठा आधार असतो. गाडगेबाबांच्या दशसूत्रीत भुकेलेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी, बेघरांना आसरा आहेच. शेवटी दुःखी आणि निराश माणसाला हिंमत देणंही आहे. कागद वाचून खिडकीचा नंबर सांगणं मी त्यातच धरते.

आता फसण्याची भीती. कधीतरी फसाल, हे मी स्पष्टच सांगते. प्रश्न एवढाच की किती फसलेलं तुम्हाला चालेल. भूक नसलेल्या माणसाने तुमची वाटीभर पेज खाल्ली तर काय बिघडलं? म्हणून मी जेवण, पाणी, औषध, तिकीट, वाचून देणं यावर भर देते. महाराष्ट्रात 26 जानेवारी 2020 पासून दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली: दोन चपात्या, भाजी, वरण, भात. जवळ केंद्र चालू असेल तर तिथे नेऊन जेवू घालता येतं. बाईंच्या यजमानांनी ‘भीक हा कायद्याने गुन्हा आहे’ असाही मुद्दा काढला होता. 1959 चा कायदा भीक मागण्याबद्दल आहे. भुकेल्याला जेवू घालणं गुन्हा नाही.

दोन ठिकाणी मात्र माझं मत वेगळं आहे. रस्त्यावर मागणाऱ्या लहान मुलाच्या हातात पैसे देऊ नका. ते त्याच्याकडे राहतीलच असं नाही आणि मूल रस्त्यावरच अडकतं. खाऊ तिथल्या तिथे खायला द्या, आणि मूल एकटं किंवा धोक्यात दिसलं तर 1098 ला फोन करा. दुसरं, स्वतःशी बडबडणारा, अंगावरच्या कपड्यांचंही भान नसलेला माणूस. तो आजारी आहे, एकट्याने त्याला सांभाळायला जाऊ नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 100 प्रमाणे अशा माणसाला संरक्षणात घेऊन 24 तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात तपासणीसाठी नेणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे, आणि त्याला कोठडीत ठेवता येत नाही. पोलिस ठाण्यात फोन करताना कलमाचा उल्लेख जरूर करा. डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा ही संस्था 1988 पासून अशा माणसांवर उपचार करून त्यांना घरी पोचवते. कर्जतला त्यांचं केंद्र आहे, आणि 2018 चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना याच कामासाठी मिळाला. एकटे, निराधार वृद्ध दिसले तर 14567 ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन आहे.

बाईंची झोप हळूहळू सुधारली. तीनला जाग येणं एकदम थांबलं नाही, पण जाग आली तरी धडधड होईना. शेवटी उरला तो ‘पुरेसं’चा प्रश्न. फुटपाथवर शंभर माणसं असताना दोघांना पेज देऊन घरी जायचं कसं? हा प्रश्न हळव्या माणसाला आतून पोखरतो, आणि त्याच्यापायी अनेक जण काहीच न करण्याकडे वळतात. आम्ही मर्यादा आधीच ठरवून टाकली. आठवड्यातले दोन दिवस थर्मास. बाकीच्या दिवशी कुणी मागितलंच तर त्याच्याकडे पाहून, “आज नाही जमणार, मावशी,” असं म्हणून पुढे जायचं. तसं म्हणणं त्यांना सुरुवातीला पाप वाटायचं. एकदा त्या मावशीच उलट म्हणाल्या, “असू दे, तू जा, तुझी गाडी चुकंल.”

घरातली धुसफूस यजमानांना एकदा सोबत बोलावल्यावर निवळली. त्यांची चिंता पैशांपेक्षा बायकोच्या तब्येतीची होती, ती त्यांनी रागाच्या भाषेत मांडली होती इतकंच. आता दोघं मिळून महिन्याला पाचशे रुपये या कामासाठी बाजूला काढतात. संपले की त्या महिन्यापुरते संपले. मुगाचं पाणी करायचं असेल त्या दिवशी कुकर तेच लावतात.