वाचकांचे प्रश्न : रिमोटचा बाण दोनदा उडतो, ओके चालतच नाही

प्रश्न : टीव्हीला जोडलेल्या लिनक्स कॉम्प्युटरला यूएसबी आयआर रिसीव्हर लावलाय, रिमोट मीडिया सेंटरचा आहे. लिर्क (रिमोटचे सिग्नल वाचणारा प्रोग्राम) टाकल्यापासून बाण एकदा दाबला की मेनू दोन ओळी खाली जातो, आणि ओके दाबून काहीच होत नाही. रिसीव्हर बिघडला का?

उत्तर : नाही हो, बाण पोचतोय म्हणजे रिसीव्हर ठणठणीत आहे, नवीन अजिबात घेऊ नका. एकच दाब दोन जण ऐकतायत. २०१० पासून, म्हणजे कर्नल (लिनक्सचा गाभा) २.६.३६ पासून, रिमोटचा सिग्नल कर्नल स्वतःच ओळखतो आणि कीबोर्डचं बटण दाबल्यासारखा पुढे देतो, आणि त्याच वेळी तुमचा लिर्क पण तोच सिग्नल वाचून प्लेअरला कळवतो, मग दोनदा होणारच ना. मी तर म्हणेन लिर्क बंदच करा, साध्या वापराला त्याची गरज नसते. पण नुसती लिर्कडी (लिर्कची मागे चालणारी) सर्व्हिस थांबवून भागत नाही, लिर्कडी सॉकेट चालू असलं तर ते तिला परत उठवतं, म्हणून दोन्ही डिसेबल करा. लिर्कच हवा असेल तर उलटं करा, आयआर-कीटेबल कमांडला मायनस सी देऊन कर्नलचं टेबल (कुठला सिग्नल म्हणजे कुठलं बटण याची यादी) रिकामं करा.

आता ओके. रूट (अ‍ॅडमिन) होऊन आयआर-कीटेबल मायनस टी चालवा आणि बटण दाबा, स्कॅनकोडसोबत (रिमोटने पाठवलेला नंबर) की_ओके दिसलं की समजा कर्नलपर्यंत सगळं बरोबर आहे, अडलंय ते पुढे. की_ओकेचा नंबर ३५२ आहे आणि एक्स११ ला (स्क्रीनवरच्या खिडक्या आणि बटणं सांभाळणारी यंत्रणा) २४७ च्या वरचे कर्नल-कोड दिसतच नाहीत, त्यामुळे ते बटण मधेच गायब होतं आणि लोक उगाच प्लेअरची सेटिंग्ज उपसत बसतात. कीमॅपच्या (म्हणजे त्याच टेबलाच्या) फाइलमध्ये की_ओकेच्या जागी की_एंटर लिहा, त्याचा नंबर २८. बदललेली फाइल ईटीसीमधल्या आरसी_कीमॅप्स फोल्डरमध्ये ठेवा आणि आरसी_मॅप्स डॉट सीएफजीमध्ये तिचं नाव द्या, म्हणजे रीस्टार्टनंतरही टिकेल. लिबखालच्या मूळ फाइलला हात लावू नका, अपडेट आलं की तुमचा बदल पुसला जाईल.

प्रश्न : असाच रिसीव्हर आहे, पण टीव्हीचा जुना रिमोट वापरायचाय. आयआर-कीटेबल मायनस टीच्या टेस्टमध्ये एक ओळसुद्धा येत नाही.

उत्तर : आधी मोबाइलच्या कॅमेऱ्यातून रिमोटचा एलईडी बघा, बटण दाबल्यावर जांभळट लुकलुकला तर रिमोट ठीक (मागच्या कॅमेऱ्यात नाही दिसलं तर पुढच्याने बघा, काहींना आयआर फिल्टर असतो). मग प्रोटोकॉल, म्हणजे रिमोटची सिग्नलची भाषा. मीडिया सेंटरचे रिमोट आरसी-६ बोलतात, टीव्हीचे बरेचसे एनईसी, आणि कर्नल सहसा डिफॉल्ट कीमॅपचाच प्रोटोकॉल चालू ठेवतो, बाकी सगळं गुपचूप सोडून देतो. आयआर-कीटेबल मायनस पी ऑल करून पुन्हा टेस्ट करा. स्कॅनकोड दिसायला लागले की बटणं एकेक करून लिहून घ्या आणि टेबल बनवा, ते वर सांगितलंय तिथेच ठेवायचं.