नवी इलेक्ट्रिक गिटार घेतली आहे. पिकअप आणि ट्यूनर लगेच बदलून घ्यावेत का?

आत्ता तरी नको. तुम्ही लिहिलंय की स्ट्रॅट प्रकारची (फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टरच्या धर्तीची) गिटार घेऊन दीड महिना झाला, पंचवीसेक हजार खर्च झाले आणि तक्रारी तीन आहेत: सुरात टिकत नाही, सुरुवातीच्या फ्रेटवरचे (दांड्यावरच्या धातूच्या पट्ट्यांवरचे) कॉर्ड बेसूर वाटतात आणि अँप लावला की गुणगुण ऐकू येते. मित्र म्हणतात, पिकअप (तारांची कंपनं टिपून अँपकडे पाठवणारे भाग) आणि लॉकिंग ट्यूनर (तार घट्ट पकडून ठेवणाऱ्या खुंट्या) टाकून घे. यातल्या पहिल्या दोन तक्रारींशी पिकअपचा काही संबंध नाही आणि तिसरीवर तो सगळ्यात महागडा उपाय आहे.

मी गिटार शिकवतो आणि शिकायला येणाऱ्यांच्या गिटारी लावूनही देतो. या किमतीची नवी गिटार बहुतेक वेळा नीट सेटअप (तारांची उंची, नेक वगैरेंची जुळवणी) न होताच घरी येते. तंबोरा मोकळा बोलेना की आपण आधी जवारी काढून घेतो, भोपळा बदलायला निघत नाही. गिटारच्या बाबतीत सेटअप म्हणजे तेच काम आहे.

सुरुवात नटपासून, म्हणजे खुंट्यांच्या अलीकडे तारा ज्या खाचांमधून जातात त्या पट्टीपासून करा, कारण तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय तिथेच आहे. एकेक तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर ती किती अधांतरी राहते ते उजेडात बघा. केसाएवढी फट हवी. तिथे बोटाने टिचकी मारली तर बारीकसा टक् आवाज यावा. फट सहज डोळ्यात भरत असेल तर नटची खाच उंच राहिली आहे. मग पहिल्या फ्रेटपर्यंत तार खाली न्यायला ती जास्त ताणावी लागते आणि स्वर चढतो. म्हणूनच उघड्या तारा सूर दाखवणाऱ्या ट्यूनर यंत्रावर बरोबर असूनही एफ किंवा सी कॉर्ड वाजवला की कानाला खुपतं. खात्री करायची तर पहिल्या आणि बाराव्या फ्रेटचे स्वर त्याच यंत्रावर तपासा. पहिला ठळक चढा आणि बारावा जवळपास बरोबर निघाला, तर नटच कारण. खाचा खोल करायचं काम मात्र जाणकाराकडूनच करून घ्या. कानस जरा जास्त फिरली की तार फ्रेटवर खडखडते आणि नवा नट बसवावा लागतो.

सुरात न टिकण्याचं मूळही बऱ्याचदा तिथेच असतं. खुंटी फिरवताना नटपाशी ‘टिंग’ असा आवाज येऊन स्वर एकदम उडी मारतो का? तसं होत असेल तर तार खाचेत अडकतेय. लॉकिंग ट्यूनरने तार बदलणं सोपं होतं आणि खुंटीवरचे वेढे घसरायचे थांबतात, पण खाचेतली अडकण तशीच राहते. शिसपेन्सिलीची पूड खाचेत भरून बघा, फुकटचा उपाय आहे. नव्या तारा चढवल्यावर त्या हाताने दोन-चार वेळा ओढून ताणून घेणं अनेक जण विसरतात, तेही करा.

व्हायब्रेटो दांडी (स्वर हलवायची दांडी) वापरत नसाल तर मागच्या स्प्रिंगा आवळून ब्रिज, म्हणजे तारांचं खालचं टोक धरणारा भाग, बॉडीला सपाट टेकवा. गिटारवादक एरिक क्लॅप्टन स्ट्रॅटच्या व्हायब्रेटोमध्ये लाकडी ठोकळा बसवून तो बंदच ठेवतात. नेकचा (दांड्याचा) बाक, तारांची उंची आणि इंटोनेशन (सगळ्या फ्रेटवर स्वर बरोबर येणं) हे सेटअप करणारा माणूस एका बैठकीत करून देईल. त्याला तुम्ही ९ ची तार लावता की १० ची (हे आकडे तारेच्या जाडीचे), ते आधी सांगा. आपल्याकडच्या पावसाळ्यात दमट हवेने नेक पुढे वाकते आणि तारा वर जातात, तेव्हा जूनमध्ये छान वाटलेली गिटार ऑगस्टमध्ये पुन्हा दाखवावी लागली तर ती बिघडली असं समजू नका.

आता गुणगुण. सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचा) पिकअप घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेचा आवाज पकडणारच. पिकअप निवडायचा पाच जागांचा स्विच दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर नेल्यावर ती जवळजवळ थांबली, तर तुमचा मधला पिकअप उलट गुंडाळीचा आहे आणि सगळं ठीक आहे. लॅपटॉपचा चार्जर आणि डिमरचे दिवे बंद करून बघा. पण तारांना हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर वाजवणं ताबडतोब थांबवा आणि इलेक्ट्रिशियनकडून घराचं अर्थिंग आणि अँप दोन्ही तपासून घ्या. तिथे चालढकल नको.

मी बदलांच्या विरोधात मुळीच नाही. स्ट्रॅट १९५४ मध्ये आली तेव्हा तिला तीन जागांचा स्विच होता. वाजवणाऱ्यांना मधल्या जागांचा आवाज आवडला, म्हणून ते स्विच अर्ध्यात अडकवून वाजवायचे. अखेर १९७७ पासून फेंडरने पाच जागांचा स्विच द्यायला सुरुवात केली. त्या मंडळींना नेमका कुठला आवाज हवाय ते ठाऊक होतं. तुम्हालाही तक्रार एका वाक्यात सांगता यायला हवी: ‘ब्रिज पिकअप डिस्टॉर्शनवर फार टोचतो’, ‘स्वच्छ आवाजात जाड तारा गढूळ वाटतात’. नुसतं ‘चांगला आवाज हवा’ म्हणून पिकअप घेऊ नका. आधी पेचकसाने पिकअपची उंची बदलून ऐका. तो तारांच्या फार जवळ असेल तर चुंबक तार ओढतो आणि वरच्या फ्रेटवर जाड तारांचा स्वर डळमळतो. थोडा खाली केला की मोकळा होतो. आणि तुम्ही लहान सरावाच्या अँपवर वाजवत असाल तर पैसे आधी अँपसाठी साठवा. नामांकित पिकअपचा सेट आयात होऊन येतो, त्याची किंमत कधी कधी तुमच्या गिटारला जाऊन भिडते आणि छोट्या स्पीकरवर त्यातला बराचसा फरक ऐकूच येत नाही.

पुढे कधी बदल केलात तर मूळ भाग स्क्रूसकट डब्यात जपून ठेवा आणि हंबकर (दोन वेटोळ्यांचा मोठा पिकअप) बसवायला लाकूड कोरू नका. विकताना बदलांचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मोरची काळी स्ट्रॅट, कितीतरी भाग बदललेली, २०१९ मध्ये लिलावात ३९ लाख ७५ हजार डॉलरला गेली, पण ती त्यांच्या हातची होती म्हणून.

नटची परीक्षा आजच करा, पाच मिनिटंही लागत नाहीत. सहाही तारांवर फट कशी दिसली आणि ‘टिंग’ कुठल्या तारेवर येतो ते प्रतिक्रियेत लिहा. त्यावरून नुसत्या खाचा घासायच्या की नट नवा बसवायचा, ते सांगता येईल.