कृमी आणि धातू: आधी फॉस्फेटकडे बघ

धातूंनी सी. एलेगन्सचं (प्रयोगशाळेत वाढवतात तो इवलासा गोलकृमी) आयुष्य घटतं का, हे तपासायचं आहे ना? मग गोव्याच्या खाणपट्ट्यातली लाल माती थेट कृमींच्या प्लेटवर घालू नकोस. तिच्यात लोह, मँगनीज सगळंच मिसळलेलं; आयुष्य कशानं घटलं ते कळणार नाही. शुद्ध मँगनीज क्लोराइडनं सुरुवात कर.

नेहमीच्या एनजीएम आगरात (कृमी वाढवायच्या प्लेटमधली जेली) 25 मिलिमोलर फॉस्फेट असतं. शिसं, कॅडमियम त्यात साका होऊन बसतं, मग ठरवलेली मात्रा सी. एलेगन्सच्या पोटात जाणार कुठून? म्हणून धातू के-मीडियममध्ये, म्हणजे फॉस्फेट नसलेल्या मिठाच्या पाण्यात दे: लिटरला 2.36 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, 3 ग्रॅम सोडियम क्लोराइड. नंतर धुऊन साध्या प्लेटवर सोड. धातूच्याच प्लेटवर ठेवलेस तर ओपी50 जिवाणू (कृमींचं खाद्य) मरतात, कृमी अर्धपोटी राहतात आणि उपाशी कृमी उलट जास्त जगतात! या फसगतीतून ‘धातूनं आयुष्य वाढतं’ असा निष्कर्ष निघतो.

20 अंशांवर ठेव. आयुष्य 2-3 आठवडे. प्लॅटिनमच्या तारेनं हळूच टोचूनही हलला नाही, तरच मेला म्हण. पोटातच अंडी फुटून पिल्लं निघाल्यानं मेलेले वेगळे नोंद.

उष्णतेच्या ताणाची चाचणी 35 अंशांवर, दर तासाला मोजणी. मे महिन्यात गोव्यात लाईट गेली की इनक्युबेटर तापतो, कृमींची उष्णता-प्रथिनं (उष्णतेत पेशींना सांभाळणारी) आधीच जागी होतात आणि चाचणीत ते खोटेच कणखर दिसतात. आत कमाल-किमान तापमापी ठेवच. पावसाळ्यात बुरशीही सांभाळ.