मेंदूवर एवढं संशोधन होऊनही डिप्रेशन स्कॅनमध्ये का दिसत नाही?

तुमचं म्हणणं असं, की डॉक्टर नुसते प्रश्न विचारून गोळ्या लिहून देतात, मेंदू कुणी तपासतच नाही. मग एवढ्या संशोधनाचा उपयोग काय? मी काही वर्षं एमआरआयच्या डेटावर काम केलंय, म्हणून आधी स्कॅनबद्दल.

डिप्रेशनच्या हजारो रुग्णांचे स्कॅन एकत्र केले की हिप्पोकॅम्पस हा मेंदूतला आठवणींशी संबंधित भाग सरासरीने किंचित लहान भरतो. पण एकट्या माणसाचा स्कॅन हातात दिला, तर तो रुग्ण की निरोगी, हे मला सांगता येणार नाही. दोन्हीकडचे आकडे एकमेकांत पार मिसळलेले असतात. डॉक्टर एमआरआय करायला सांगतात तेव्हा बहुधा गाठबिठ नाही ना, एवढंच बघायचं असतं.

खरी गोम औषधांच्या इतिहासात आहे. ती आधी सापडली, कारणं मागून शोधली गेली. क्लोरप्रोमॅझिन या मनोविकारांवरच्या औषधाकडे लक्ष गेलं ते शस्त्रक्रियेच्या वेळी, भुलीच्या जोडीला देताना. १९५२ मध्ये पॅरिसात ते मनोरुग्णांना दिलं गेलं. इप्रोनियाझिड तर टीबीचं औषध. ते घेणारे रुग्ण अचानक उत्साही दिसू लागले. पुढे डिप्रेशनवरच्या गोळ्या सेरोटोनिन, म्हणजे मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप नेणारं एक रसायन, वाढवतात असं कळलं, म्हणून आजार म्हणजे सेरोटोनिनची कमतरता असं ठरवून टाकलं. पाण्याने आग विझली म्हणून ती पाणी कमी पडल्यामुळे लागली, असं म्हणण्यासारखंच हे! शिवाय या गोळ्यांचा सेरोटोनिनवरचा परिणाम काही तासांत सुरू होतो, मन मात्र सावरायला आठवडे लागतात.

उलट्या दिशेने, म्हणजे मेंदूकडून औषधाकडे, जाणारी उदाहरणं आता कुठे दिसायला लागलीत. मला सर्वांत आवडतं ते बाळंतपणानंतरच्या डिप्रेशनचं. गरोदरपणात वाढलेलं अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन हे शरीरातलंच एक द्रव्य प्रसूतीनंतर झपाट्याने उतरतं. ते मेंदूतल्या गाबा रिसेप्टरवर, म्हणजे मेंदूला शांत करणाऱ्या गाबा या रसायनाचा निरोप घेणाऱ्या जागेवर, काम करतं, म्हणून तेच सलाइनमधून देऊन पाहिलं. ब्रेक्सॅनोलोन या नावाने २०१९ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. २०२३ मध्ये त्याच धर्तीची, १४ दिवस घ्यायची झुरॅनोलोन ही गोळी आली. असर काही दिवसांतच दिसू शकतो.

तुमच्या गोळ्या चालू असतील, तर सेरोटोनिनची गोष्ट कच्ची निघाली म्हणून त्या परस्पर बंद करू नका. मनोविकारावरचं औषध म्हणून लिथियम १९४९ पासून माहीत आहे. ते मेंदूत नेमकं काय करतं यावर अजून वाद चालू आहेत, आणि बायपोलरच्या (कधी अतिउत्साह, कधी डिप्रेशन अशा आजाराच्या) रुग्णांना ते आजही दिलं जातं, कारण त्याने फरक पडतो.