कोल्हापुरात वापरायला, जुन्या फियाटच्या तोंडवळ्याची परवडणारी छोटी इलेक्ट्रिक गाडी मिळेल का?

तुम्ही लिहिलंय की बजेट आठ-नऊ लाख, घर शिवाजी पेठेत, फिरणं बहुतेक गावातच, अधूनमधून आईंना घेऊन जोतिबा नाहीतर नरसोबाची वाडी. आणि गाडी बघितली की वडिलांच्या पद्मिनीची आठवण यायला हवी. जमत नसेल तर ती पद्मिनीच इलेक्ट्रिक करता येईल का, असंही विचारलंय.

माझं उद्यमनगरात ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे, त्यामुळे असले प्रश्न रोज कानावर पडतात. थेट सांगतो: दिसायला जुनी, आत इलेक्ट्रिक आणि दहा लाखांच्या आत, अशी गाडी आपल्याकडच्या शोरूममध्ये नाही. छोटी आणि स्वस्त मिळते. रेट्रो, म्हणजे जुन्या तोंडवळ्याची, मिळत नाही. तेव्हा 'रेट्रो' हा हट्ट किती धरायचा ते आधी ठरवा.

परदेशात आहेत, आणि फोटो बघून जीव जळतो हे खरं. फियाटची ५००ई म्हणजे १९५७ च्या इटालियन ५०० चंच रूप, २०२० मध्ये इलेक्ट्रिक होऊन आलेलं. आपली पद्मिनी तिच्या घराण्यातलीच, पण मोठ्या पातीची, फियाट ११०० डी वरून आलेली. त्याच फियाटची टोपोलिनो फक्त अडीच मीटर लांब, दोन माणसांची आणि दिसायला अगदी खेळण्यातली. पण तिचा वेग ताशी ४५ वर अडकवलेला आणि एका चार्जमध्ये पंचाहत्तर किलोमीटर. तावडे हॉटेलपाशी हायवेला लागलात तर मागचा उसाचा ट्रॅक्टरसुद्धा हॉर्न मारेल. स्वित्झर्लंडवाल्यांची मायक्रोलिनो जुन्या इसेटा गाडीसारखी, पुढचं तोंड उघडून आत बसायचं. रेनॉ ५ सुद्धा २०२४ मध्ये इलेक्ट्रिक होऊन परत आली, आणि झकास दिसते. होंडा ई तर या सगळ्यांत देखणी, पण महाग पडली आणि काही वर्षांत बंदही झाली. यातली एकही इथे विकत नाहीत. एकटीदुकटी बाहेरून आणायची तर आयात शुल्कातच दुसरी गाडी येईल, आणि एवढं करून सुटे भाग कुठून आणणार? डिझेलची फियाट ५०० आपल्याकडे २००८ मध्ये आली होती, तेव्हाच ती पंधरा लाखांच्या घरात होती. किती दिसल्या तुम्हाला रस्त्यावर?

आता इथे काय मिळतं. तुमच्या वापराला नाव एकच पुढे येतं, एमजी कॉमेट. २०२३ मध्ये आली. लांबी तीन मीटरला जराशी कमी, म्हणजे तुमच्या पद्मिनीपेक्षा जवळजवळ एक मीटर आखूड. रुंदी दीड मीटर. वळायला ४.२ मीटरची त्रिज्या, त्यामुळे पापाची तिकटी ते गंगावेश या पट्ट्यात, जिथे फुलवाली, हातगाडी आणि बुलेट एकाच वेळी समोरून येतात, तिथे ही गाडी खरोखर सुटते. बॅटरी १७.३ किलोवॅट-तासाची. कंपनी २३० किलोमीटर म्हणते. एसी लावून, गर्दीत, दीडशे-पावणेदोनशे धरून चाला. तोंडवळा मात्र जुना अजिबात नाही. गोल दिवे नाहीत, समोर आडवी पट्टी आहे. चौकोनी डबा म्हणा हवं तर.

तिच्या दोन गोष्टी शोरूमवाला सांगणार नाही. एक, दरवाजे दोनच आहेत आणि ते लांबलचक आहेत. गाडी छोटी म्हणून तुम्ही अरुंद बोळात भिंतीला लावून उभी कराल, आणि दार अर्धंच उघडेल. आखूडपणाचा फायदा पार्किंगला पुढे-मागे मिळतो, बाजूला नाही. दुसरी, मागे बसायचं तर पुढची सीट पाडून वाकून आत शिरावं लागतं. आईंना गुडघ्याचा त्रास असेल तर त्या पुढेच बसणार हे धरून चाला. मागची सीट उभी असेल तर डिकी जवळजवळ नाहीच, नारळाची पिशवी आणि छत्री एवढंच. स्टेपनी पण नाही. बारा इंची चाकं, पंक्चर काढायचं किट देतात. आपले पावसाळ्यातले रस्ते बघता हे ध्यानात असू द्या.

जोतिबाचा किंवा पन्हाळ्याचा चढ ती आरामात चढते. इलेक्ट्रिक मोटर जाग्यावरूनच जोर देते, त्यामुळे वळणावर गाडी रेटावी लागत नाही. चढताना चार्ज भराभर उतरतो, टक्के बघून घाबरू नका, उतरताना ब्रेकिंगमधून थोडा परत येतो. वाडीला जाऊन येणं एका चार्जमध्ये होतं. पुण्याला मात्र ही गाडी नेऊ नका. तिला डीसी फास्ट चार्जिंगच नाही, वाटेत थांबून अर्ध्या तासात भरून घ्यावी म्हणाल तर ते शक्य नाही.

पुणं, सांगली, रत्नागिरी अशी सवय असेल तर टाटाची टियागो ईव्ही बघा. पाच दारं, खरी डिकी, डीसी चार्जिंग, १९.२ आणि २४ किलोवॅट-तास अशा दोन बॅटऱ्या. सुरुवातीचं मॉडेल आठ लाखांच्या आसपास. तिला 'रेट्रो' कोणीच म्हणणार नाही, पण चार माणसं नीट बसतात. पुण्याच्या व्हेव्ह कंपनीची ईव्हा नावाची सोलरची छोटी गाडी कोणी सुचवेल. कल्पना छान आहे, पण कोल्हापुरात तिचं सर्व्हिसिंग कोण करणार हे कळल्याशिवाय पैसे भरू नका.

बॅटरी भाड्याने घेऊन गाडी स्वस्तात, ही योजना कॉमेटवर आली तेव्हा ४.९९ लाख आणि वर किलोमीटरला अडीच रुपये असा हिशेब होता. आकडे बदलत राहतात. महिन्याचे किमान किलोमीटर ठरलेले आहेत का, ते आधी लिहून घ्या. तुमच्यासारखा गावातल्या गावात फिरणारा माणूस असल्या करारात न चाललेल्या किलोमीटरचेही पैसे भरत बसतो. घरच्या विजेचा किलोमीटरला रुपया-सव्वा रुपया वेगळा, बॅटरी भाड्याची असो वा स्वतःची.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट, कारण इथेच लोक फसतात. कॉमेट घरच्या १५-१६ अँपियरच्या सॉकेटवर सात तासांत भरते असं सांगतात. खरं आहे. पण तुमच्या घरातलं ते सॉकेट इस्त्रीसाठी नाहीतर गिझरसाठी बसवलेलं असतं. इस्त्री तापली की बंद होते, गिझर पंधरा मिनिटं चालतो. गाडी सलग सात तास चौदा-पंधरा अँपियर ओढते. ढिल्या पिनेचं सॉकेट असेल तर पहाटेपर्यंत प्लग पिवळा पडतो, मग काळा. माझ्याकडे असे वितळलेले प्लग येतात.

त्याहून मोठी भानगड अर्थिंगची. पेठेतल्या जुन्या घरांत बोर्ड उघडला की हिरवी वायर दिसते, पण कित्येकदा ती आत गुंडाळून नुसती ठेवलेली असते, जमिनीपर्यंत गेलेलीच नसते. फ्रिज, टीव्ही त्याशिवाय चालतात म्हणून कोणाला पत्ता लागत नाही. गाडीचा चार्जर मात्र अर्थिंग तपासतो, आणि मिळालं नाही की लाल दिवा लावून गप्प बसतो. मग गाडी खराब आहे म्हणून शोरूमला फोन. म्हणून गाडी बुक करायच्या आधी वायरमन बोलवा. मीटरपासून ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वेगळी लाइन, २० अँपियरचा एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच), ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच), आणि अंगणात नवीन अर्थिंगचा खड्डा. एवढं करून घेतलंत की रात्री निवांत झोपा. मंजूर लोड कमी असेल तर महावितरणकडे अर्ज करून वाढवून घ्या, नाहीतर गिझर आणि गाडी एकदम लावली की मेन ट्रिप होणार.

पुराचंही बघा. शिवाजी पेठेत तुमचं घर उंचावर असेल, पण गाडी नदीकडच्या बाजूला कोणाच्या जागेत लावणार असाल तर जपा. बॅटरी आयपी ६७ आहे म्हणतात, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास. २०१९ आणि २०२१ मध्ये आपल्याकडे पाणी दिवसचे दिवस उभं होतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फूट झालं की इशारा, ४३ ला धोका. ३९ ची बातमी आली की गाडी उचला.

राहिली पद्मिनी. इलेक्ट्रिक करायचं किट त्या मॉडेलसाठी मंजूर झालेलं असावं लागतं, आणि बदल आरटीओकडे आरसीवर चढवावा लागतो. यूट्यूबवर बघून कोणी पेठेतल्या गॅरेजमध्ये मोटर बसवून देतो म्हणाला तर हात जोडा: कागद नाहीत म्हणजे विमा नाही. कागदाचं जमलं तरी खर्च काही लाखांत जातो. शिवाय स्टिअरिंगजवळचा तो हँड गिअर, ज्यासाठी तुम्ही हे करताय, तो मोटर बसली की नुसता दांडा उरतो. दसऱ्याला कोल्हापूरच्या छत्रपतींची जुनी मेबॅक गाडी बाहेर पडते तेव्हा तिच्याभोवती जी गर्दी होते ती मूळ यंत्रासकट असलेल्या गाडीसाठी असते. तुमची पद्मिनी चालू असेल तर पेट्रोलवरच ठेवा, पुनर्नोंदणी करून घ्या, रविवारी काढा.

आणि नव्या गाडीला जुनी कळा आणायची असेल तर रंगाने आणा. फिकट निळा किंवा क्रीम, वर पांढरं छत. रिक्षा सजवण्यात कोल्हापूरचा हात कोण धरणार, तसले पेंटर आपल्याकडे आहेत. पण आरसीवरचा रंग बदलतो, म्हणून आधी आरटीओची परवानगी घ्या आणि विमा कंपनीला कळवा. बॉडी कापणं, दिवे बदलून गोल बसवणं हे करू नका, त्याला परवानगी नाही आणि वॉरंटीही जाते.

ट्रायल मागाल तेव्हा ताराबाई पार्कातल्या रिकाम्या रस्त्यावर एक चक्कर मारून परत येऊ नका. संध्याकाळी सातला महाद्वार रोडला न्यायला सांगा, आईंना बरोबर घ्या, आणि त्यांना एकदा मागे बसवून, उतरवून बघा.