जर्मनीत एका पगारात भागतं का? भागतं, पण आधी एवढं करा

जर्मनीत नोकरीची ऑफर आलीय, बायको-मुलांसह एका पगारात भागेल का, असं विचारलंत. अभिनंदन! घाबरू नका, चौघांचं घर एका पगारात चालवणारे बरेच जण आहेत इथे. फक्त ऑफरमधला आकडा रुपयात गुणत बसू नका, टॅक्स, पेन्शन, विमा कापून हातात काय येतं तेवढंच बघा.

१. आरोग्य विमा सरकारीच घ्या. त्यात न कमावणारी बायको आणि मुलं जादा हप्त्याशिवाय येतात. एकटे असताना प्रायव्हेट स्वस्त दिसतो म्हणून लोक घेतात, मग फॅमिली आली की प्रत्येकाचा वेगळा हप्ता, आणि परत सरकारीत यायचं म्हणजे महाकठीण.

२. फॅमिली येऊन पत्ता रजिस्टर झाला की टॅक्स क्लास ३ साठी (एकच कमावता असेल तर यात दरमहा टॅक्स कमी कापतात) अर्ज करा, आपोआप ४ लागतो. मॅरेज सर्टिफिकेट सोबत आणाच.

३. किंडरगेल्डचा (मुलांसाठी सरकार दरमहा देतं तो भत्ता) अर्ज लगेच. २०२६ पासून मुलामागे महिन्याला २५९ युरो आहेत, उशीर केलात तर मागचे फक्त ६ महिने मिळतात.

४. घर बघताना 'काल्ट' (नुसतं घराचं) भाडं बघून हुरळू नका, 'वार्म' (हीटिंग, पाणी वगैरे धरून) विचारा, आणि वीज बहुतेकदा त्याच्याही वर. डिपॉझिट ३ महिन्यांच्या काल्ट भाड्यापर्यंत असतं, पण ३ हप्त्यांत देता येतं. किचन आहे का तेही विचारा, कित्येक घरात सिंकसुद्धा नसतं, खरंच!

म्युनिक असेल तर जरा दूरचं गाव आणि ट्रेन बघा. टॅक्स रिटर्न, गुंतवणूक वगैरे नंतर. शहर आणि पगार कळवा, मग हिशोब मांडू.